वरची ओळ

फुस्स करून नळानं हवा सोडली आणि दुपारची शांतता मोडली. आज पाण्याची पाळी होती. बुद्धप्रियानं लेकीच्या मानेखालचा हात अलगद काढून घेतला आणि मोरीत जाऊन बादली लावली. पाणी धो धो पडायला लागलं तशी त्या आवाजाच्या आडोशानं तिनं ओळ घेतली. ‘पाय भाजू दे, थांबायचं न्हाय.’ शेवटचं ‘न्हाय’ वर चढायचं, तिथंच आवाज फाटला.

पुन्हा घेतली. पुन्हा तेच.

“आई, पाणी सांडतंय,” मागून मित्रा म्हणाली. बादली कधीची भरून वाहत होती.

‘धोटा’ हा बँड बुद्धप्रियानं कॉलेजात असताना काढला. मागावर सुतामधनं इकडून तिकडं धावतो तो धोटा. तो थांबला की कापड थांबलं. बँडमध्ये बुद्धप्रियाचंही तसंच. गाणी ती लिहायची, चाली ती लावायची, ड्रमवर रुद्रप्पानं कुठं दम धरायचा आणि सिद्धांतच्या गिटारनं कुठं किंचाळायचं, तेही तीच सांगायची. जयंतीच्या स्टेजवर, पुण्यात, हुबळीला, जिथं गेले तिथं लोक त्या एका ‘न्हाय’साठी उभे राहायचे. मग मित्रा झाली. बाळंतपणानंतर आवाज जाड झाला, आणि होईल ठीक, होईल ठीक म्हणता म्हणता पोरगी बालवाडीत जायला लागली. आता रविवारी सोलापुरातच पुन्हा पहिला कार्यक्रम होता. सरावात ती ‘घसा राखतेय’ म्हणून ती ओळ खालूनच काढायची. कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. तेच तिला टोचत होतं.

स्कूटीवर मित्राला पुढं उभी करून ती निघाली.

सराव रुद्रप्पाच्या वडिलांच्या कारखान्यामागच्या खोलीत चालायचा. इथं कितीही आदळआपट केली तरी शेजारपाजारची तक्रार नव्हती, कारण शेजारी यंत्रमागच होते. त्यांच्या मोटारींची एकसारखी घूंऽ मधल्या उघड्या दारातनं येऊन खोलीत भरून असायची. पहिल्याच दिवशी बुद्धप्रिया म्हणाली होती, हाच आपला तंबोरा. तेव्हापासून त्या घूंमध्ये सूर मिळवूनच त्यांचं प्रत्येक गाणं उभं राहिलं होतं.

“अक्का, आज उशीर?” रुद्रप्पा म्हणाला.

“पाणी आलं होतं.”

“आमच्याकडं उद्या येतंय. मग उद्या मी उशिरा येणार की.”

“तू कधी वेळेवर आलायस?”

सिद्धांत मान खाली घालून गिटारशी खुडबुडत होता. “आज आधी ‘डांबर’च घेऊ,” तो म्हणाला. ती ओळ याच गाण्यात होती आणि ते नेहमी शेवटी ठेवायचे. तिला ते नको होतं. पण नको कसं म्हणणार?

गाणं सुरू झालं. ओळ जवळ आली. आज खालून काढायची नाही, असं का कुणास ठाऊक तिच्या मनानं घेतलं आणि ती वर गेली.

‘न्हाय’ लागलं. भरदार लागलं, टिकलं. सुताच्या पोत्यावर कान झाकून बसलेल्या मित्रानं हात खाली घेतले. बुद्धप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ती ओळ पुन्हा घेतली, आणि सूर धरून ठेवता ठेवता तिला काहीतरी खुपायला लागलं. भाकरीत कचकच लागावी तसं. खालची घूं आणि वरची गिटार एकमेकींना घासत होत्या.

तिनं हात वर केला. सगळे थांबले. माग तेवढे चालू राहिले.

“सिद्धांत, तारा उतरवल्यास?”

“थोड्याच.”

“किती?”

“दोन पट्ट्या.”

बेसवाला महेश्वर भिंतीकडं बघायला लागला. म्हणजे त्याच्याही उतरलेल्या होत्या.

“लोकांना काय कळत न्हाय, अक्का,” रुद्रप्पा म्हणाला. “लई भारी वाटलं.”

“बँडमध्ये पट्टी कोण ठरवतं?”

“तूच की,” सिद्धांत म्हणाला. “पण तू बोलायला तयार न्हाईस. घसा राखतेय, घसा राखतेय. आमी काय बहिरे हाय का?”

“म्हणून पोराला साखरेतनं औषध देतात तसं दिलंत.”

“गोड लागलं ना पण?” रुद्रप्पा म्हणाला.

“चढवा तारा. होत्या तिथं न्या.”

त्यांनी चढवल्या. ती गायली आणि ‘न्हाय’ सगळ्यांसमोर फाटलं. इथं आडोशाला पाणी नव्हतं. तरी तिनं ओळ सोडली नाही; त्याच फाटक्या आवाजानं शेवटापर्यंत ओढत नेली. मग ती दारापर्यंत गेली, परत आली, माइकची वायर हाताला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. सिद्धांत काही बोलायला गेला, तर तिनं बोटानंच त्याला गप्प केलं.

“तीन पट्ट्या उतरवा,” ती शेवटी म्हणाली.

“दोन बास हायत की.”

“दोनवर नुसतं निभतंय. मला निभवायचं न्हाय. तीनवर मला ओरडायला जागा हाय. रुद्रप्पा, मधलं दार लाव.”

“मागाचं?”

“व्हय. ती घूं आता जुळायची न्हाय.”

ते दार आजवर कधी लागलं नव्हतं. रुद्रप्पानं पोती सरकवली, खांदा लावून ते रेटलं. घूं पातळ झाली, मग गेली. त्या रिकाम्या खोलीत तिनं पहिल्यांदा आपला एकटीचा सूर दिला, जाडसर, खालचा, आणि सिद्धांत, महेश्वर त्याला तारा मिळवायला लागले.

तेवढ्यात मित्रा पोत्यावरून उतरून तिच्या कुडत्याला लोंबकळली.

“आई,” ती म्हणाली, “मग ते वरचं आता कोण म्हणणार?”