दोन मापं

परळीतला लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ विकून त्रिंबक पुण्याला मुलाकडे चालला होता. आपापली लग्नं घेऊन जा, संध्याकाळी कॉम्प्युटर पुसून दुसऱ्याला द्यायचाय, असा त्याचा निरोप आला आणि शिवकन्या घरात सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली. तिच्या वारलेल्या वडिलांचे, ईश्वरप्पांचे, फोटो पुष्कळ होते. आवाज मात्र एकाच जागी उरला होता. तिच्या लग्नाच्या व्हिडिओत, पंगतीत उभे राहून ते आचाऱ्याला म्हणतात, "आमटीत मीठ कमी हाय गड्या." लेकीच्या लग्नात बापाने बोलावं असं ते काही वाक्य नव्हे. पण होतं ते तेवढंच.

सगळे स्टुडिओत पोचले तेव्हा त्रिंबकने ठरल्याप्रमाणे पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणून ठेवली होती. शिवकन्येचं आणि धाकट्या जावेचं, रुद्राणीचं, अशी दोन्ही लग्नं मिळून चारशे ऐंशी भरत होती. डिस्क जोडली, तर पडद्यावर जागा दिसली चारशे पासष्ट.

सासूबाई बसम्मांचा जन्म किराणा दुकानात गेलेला. त्यांनी चष्मा चढवला.

"कावून रे त्रिंबक? आमी असं माप मारलं असतं तर दुकानाला कवाच कुलूप लागलं असतं."

सगळ्याच डिस्क असं दाखवतात, एवढंच त्याला सांगता आलं. बसम्मांनी त्याच्या बापापासून उद्धाराला सुरुवात केली. रस्त्यावरचे दोघंतिघं दारात थबकले. शेवटी घाम पुसत तो कबूल झाला, की पदरचे घालतो पण मोठी आणून देतो.

इथं शिवकन्येने गप्प बसायला हवं होतं. पण स्वतःच्या दुकानात काटा स्थिर झाल्याशिवाय ईश्वरप्पांनी कधी पुडी बांधली नव्हती, आणि भल्या माणसाला चोर ठरताना बघणं त्यांच्या लेकीला जमलं नाही. सासरच्या दुकानाचा कॉम्प्युटर तीच बघायची.

"आत्याबाई, यात कुणी काही खाल्लं न्हाई. कंपनी हजाराला हजारच धरते. कॉम्प्युटर एक हजार चोवीस भरल्याशिवाय पुढचा एक मोजत न्हाई. दर पायरीला फरक वाढत जातो. माल तेवढाच हाय, मापं दोन हायत."

"म्हंजे लबाडी न्हाई?"

"न्हाई."

"मग त्याच्याकडून मोठी कशाला घ्यायची?"

त्रिंबकने श्वास सोडला आणि मोठ्या डिस्कचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग एक लग्न काढावं लागंल, असं तिचा नवरा केदारनाथ म्हणाला. कुठलं, ते कुणी विचारलं नाही. पंधराच जास्त होतंय, दोन्हीतलं थोडं थोडं काढू, असं शिवकन्येने सुचवून पाहिलं. तर पोटुशा सुनेच्या लग्नाला कात्री लावतात का, म्हणून बसम्मांनी तिलाच झापलं. निदान माझी पंगत तेवढी घ्या, ती म्हणाली.

"काय हाय त्या पंगतीत?"

तिने सांगितलं. खरं तेच सांगितलं, खोड जाणार कशी.

बसम्मा हसल्या. "मीठ कमी होतं ते आमी खाल्लंय की. आता बघायचं काय त्यात?"

केदारनाथही हसला.

रुद्राणीचं लग्न उतरलं तरी डिस्कवर शंभराहून जास्त जागा उरली. बसम्मांना ते पसंत पडलं. बारशाला होईल, म्हणाल्या.

बाकीचं खरंच पुसायचं का, असं कॉम्प्युटर विचारत होता. हे पाप आपल्या हातून नको असं वाटलं असेल, त्रिंबकने माऊस शिवकन्येपुढे सरकवला.

"तुमालाच समजतंय यातलं, वहिनी."

"आटप बाई," बसम्मा म्हणाल्या. "दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं असंल."

शिवकन्येने माऊसचा बाण 'हो'वर नेऊन दाबला.