न भरणारी टाकी

राजमहंमद मिस्त्रींना जाऊन चाळीस दिवस झाले, आणि त्या दिवशी बावड्यात त्यांच्या अंगणात उठलेल्या प्रत्येक पंगतीत कुणी ना कुणी एकच गोष्ट बोललं. मिस्त्रींनी बांधलेली संडासाची टाकी कधी भरत नाही.

“अकरा वर्षं झाली आमच्या टाकीला,” हिंदुराव तात्या भाताचं आळं करत म्हणाले. “एकदाबी झाकण उघडलं न्हाय. माझा मेव्हणा इंदापुरात ऱ्हातो, त्येच्या हितं दोन-दोन वर्षाला गाडी बोलवावी लागती. समदी गल्ली नाक धरून बसती. आन् आपल्या मिस्त्रीची टाकी! कुठं जातं, त्येचं त्यालाच ठावं.”

पंगत हसली. चाळीसाव्याला हसू नये असं कुणाला वाटलं नाही. मिस्त्री असते तर तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले असते. शाकाहारी पंगतीला वाढत असलेली शबीना, मिस्त्रींची थोरली मुलगी, हिंदुरावांच्या आळ्यात वरण ओतून पुढं सरकली. कुठं जातं ते तिला ठाऊक होतं.

शबीना जळोचीत राहायची आणि बारामतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. दरवर्षी ती मुलांना घरचं पिण्याचं पाणी आणायला सांगे. बोटभर काचेच्या कुपीत आधीच औषध घातलेलं असतं. तीत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि दीड-दोन दिवस उबेला ठेवायची. पाण्यात मैल्यातले जंतू असतील तर ते काळं पडतं. ज्याची कुपी काळी झाली, त्यानं मग आपल्या घराचा नकाशा काढायचा. बोर कुठं, टाकी कुठं, मध्ये किती पावलं. पावलं बहुधा दहाच्या आत असत.

तीन वर्षांपूर्वी तिनं बावड्याच्या घरचं पाणी असंच भरून नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते शाईसारखं झालं होतं. तिनं त्यात ब्लीचिंग पावडर टाकली, कुपी मोरीत रिकामी केली आणि पुढच्या रविवारी अब्बांच्या स्वयंपाकघरात फिल्टर बसवून दिला.

“आपल्या बोरचं पाणी जड आहे, तुमच्या गुडघ्यांना बरं नाही,” तिनं सांगितलं.

गुडघ्यांचा आणि पाण्याचा काही संबंध नव्हता. पण अब्बांनी विश्वास ठेवला. मुलगी शिकलेली होती.

खरं सांगायचं तर तिला सांगायचं होतं. फक्त ज्या गोष्टीला ती चूक म्हणणार होती, तीच अब्बांची कला होती. दुसरे गवंडी घराच्या सोयीनं खड्ड्याची जागा धरत. मिस्त्री जमिनीची तहान पाहून धरत. मुरूम लागेपर्यंत खणायचं, मग वर येऊन एक बादली पाणी खड्ड्यात ओतायचं आणि काठावर उकिडवं बसून बघत राहायचं. पाणी साचून राहिलं तर म्हणत, “हिचं पोट भरलंय.” मग चार हात सरकून दुसरा खड्डा. पाणी बघता बघता जिरलं की ते मांडीवर थाप मारत. “हितं पिती!” त्या जागी सिमेंटच्या रिंगा एकावर एक उतरायच्या. तळ मोकळा. वर झाकण.

जी जमीन वरचं पाणी झटकन पिते, तिच्याच पोटात बोरला पाणी लागतं. कालवा सुटला की गावातल्या सगळ्या बोरचं पाणी वर चढतं आणि टाकीच्या मोकळ्या तळाला येऊन भिडतं. मुलांच्या वहीतल्या नकाशाइतकं ते सरळ होतं. ती गावी आली की अब्बा ओट्यावर बसून कुणाला तरी नव्या टाकीची हकिगत सांगत असत, आणि शबीना मनात म्हणे, पुढच्या खेपेला. मग एका दुपारी कामावर, डबा खाऊन हात धुताना, त्यांच्या छातीत कळ आली. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा अंगणात लोक जमले होते.

चाळीसाव्याच्या स्वयंपाकासाठी ती तीन दिवस आधी आली. घरच्या बोरची मोटर नेमकी जळालेली, म्हणून पंगतीला प्यायला जार सांगितले आणि स्वयंपाकाचं पाणी शेजारच्या प्रयागबाईंकडून आणलं. सवयीनं तिनं त्यातली एक कुपी भरली, आणि एक घरच्या डब्यात उरलेल्या फिल्टरच्या पाण्याची. दोन्ही चुलीमागच्या फडताळात ठेवल्या. चाळीसाव्याच्या सकाळी तिनं फडताळ उघडलं. फिल्टरच्या पाण्याची कुपी होती तशीच होती. प्रयागबाईंची काळी झाली होती.

एवढ्यावर ती कदाचित पुन्हा बारामतीला निघून गेली असती. पण प्रयागबाईंची मुलगी राजलक्ष्मी पहिल्या बाळंतपणासाठी आठ दिवसांनी माहेरी येणार होती. तिला परसात लांब जावं लागू नये म्हणून मागच्या खोलीला लागून नवा संडास बांधायचा होता, आणि ते काम शबीनाच्या धाकट्या भावाकडं, आफताबकडं होतं. अब्बांच्या मागं त्यानं घेतलेलं पहिलंच काम. खड्डा खणून झाला होता. बादलीभर पाणी त्यात क्षणात जिरलं होतं. उद्या सकाळी रिंगा उतरायच्या होत्या, बोरपासून आठ पावलांवर.

शेवटची पंगत उठली. आफताबची बायको करिमा डेग घासायला बसली आणि आफताब तिला पाणी ओतून देऊ लागला, तेव्हा शबीनानं दोन्ही कुप्या आणून ओट्यावर ठेवल्या.

“उद्या रिंगा उतरवू नकोस.”

“का? चार मानसं सांगून ठेवल्यात.”

तिनं सांगितलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा थोडक्यात झालं. आफताबनं काळी कुपी उचलून उन्हात धरली.

“म्हंजे अब्बांनी गावाला घाण पाजली म्हनतीस.”

“त्यांना माहीत नव्हतं.”

“आज शंभर मानसांनी त्येंचं नाव काढलं, आपा. ताटावर बसून काढलं. आन् उद्या मी प्रयागमावशीला जाऊन सांगू, का तो समदा झोल हुता? मला कोन काम दील?”

“तू सांगू नकोस. मी सांगते.”

“तू सोमवारी शाळंला जाशील. मला हितंच ऱ्हायचंय.”

ते खरं होतं. आफताबनं कुपी खाली ठेवली आणि बादली उचलली.

करिमा राखेनं डेगेचा तळ घासत होती. मान वर न करता ती म्हणाली, “माझ्या मोरीचा उतार अब्बांनी दोनदा फोडला हुता. वाळल्याला गिलावा. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या, एवढं काय. तर म्हनले, एक बोट चुकलंय, पानी थांबंल. उपाशी बसून फोडत हुते.”

ती पुन्हा घासू लागली.

शबीना आत गेली आणि घड्या केलेल्या सतरंज्यांची पुन्हा घडी करत बसली. तीन वर्षं तिनं अब्बांना जपलं असंच तिला वाटत आलं होतं. चूक दाखवली तर हा माणूस मोडून पडेल, हे तिनं कशावरून ठरवलं? मोरीच्या उतारासाठी उपाशी बसणारा माणूस. त्यांनी एखादा दिवस तोंड पाडलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी गावातली पहिली टाकी फोडायला घेतली असती. स्वतःची. तिनं त्यांना ती संधीच दिली नव्हती.

सकाळी ती आफताबबरोबर प्रयागबाईंच्या परसात गेली. त्यानं चार माणसांना चहाला पिटाळलं होतं. एवढंच त्यानं केलं, आणि रिंगांना टेकून उभा राहिला.

“मानसं कुठं गेली रं?” प्रयागबाई सूप घेऊन बाहेर आल्या. “नवाच्या आत पयली रिंग जाऊ दे. आन् तू गं शबीना, बस की. हुबी का?”

“मावशी, आधी ऐका. मग बसते.”

प्रयागबाईंनी ऐकलं. तांदूळ निवडायचे थांबवले नाहीत.

“आमच्या बोरचं पानी काचंगत हाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “वास न्हाय, रंग न्हाय. लोक मागून न्हेत्यात.”

शबीनानं काळी कुपी पुढं धरली.

“तू औषध घातलंस म्हनून झालं काळं.”

“दोन्हीत तेच औषध आहे, मावशी. ही तुमच्या बोरची. ही फिल्टरच्या पाण्याची.”

प्रयागबाईंनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि दोन्ही कुप्या दोन हातांत घेतल्या. बराच वेळ त्या या हाताकडं, त्या हाताकडं पाहत होत्या.

“लक्ष्मी दर दिवाळीला येती,” त्या हळू म्हणाल्या. “चौथ्या दिवशी तिचं पोट बिघडतं. मी म्हनायची, सासरी लासुर्ण्याच्या अन्नानं पोरीचं आतडं नाजूक करून ठेवलं. तिच्या सासूला तोंडावर बोलले मी. दोनदा.” आणि मग, आवाज न बदलता, “हे तुला कवा कळलं?”

काल सकाळी, असं म्हणता आलं असतं. त्या कुपीपुरतं ते खोटंही नव्हतं.

“तीन वर्षं झाली. आमच्या घरच्या पाण्याचं. तुमची टाकीही अब्बांनीच बांधलेली, तळ तसाच मोकळा, हे मला तेव्हाही माहीत होतं.”

“फिल्टर बसवलास त्या साली.”

“हो.”

“मी बघायला आले हुते. पेला धरून पिऊन बघितलं. हे कशाला गं, असं इचारलं मी तुला. तू म्हनलीस, अब्बाच्या गुडघ्यासाठी.”

“हो.”

“आन् निघताना माझ्या घरी च्या पिऊन गेलीस.”

शबीनानं रात्री काही वाक्यं जुळवून ठेवली होती. अब्बांचं मन, गावातला मान, योग्य वेळ. त्यातलं एकही इथं बसत नव्हतं. ती नुसती उभी राहिली. प्रयागबाईंनी पुन्हा ‘बस’ म्हटलं नाही.

आफताब रिंगांपासून सरळ झाला.

“मावशी, हा खड्डा बुजवू. पल्याडच्या बांधाला दुसरा घिऊ, उथळ. तळाला काँक्रीट, आतून गिलावा, थेंब खाली जायचा न्हाय. वरचं पानी पाइपनं केळीच्या चरात सोडू. तुमची जुनी टाकी बी उपसून तसंच करू.”

“म्हंजे भरंल ती.”

“भरंल.”

“मग गाडी बोलवायची. वास सुटायचा. लोक म्हनतील, राजमहंमदचं पोरगं, आन् टाकी भरली.”

आफताबनं खड्ड्यात पाहिलं. काठाची माती थोडी ढासळली होती. ती त्यानं पायानं आत लोटली.

“म्हनू द्या,” तो म्हणाला. आणि फावडं आणायला घराकडं गेला.

प्रयागबाईंनी कंबरेचा फोन काढला. त्यांना कानाला लावून ऐकू येत नसे, म्हणून त्या नेहमी स्पीकर लावून, फोन हातावर धरून मोठ्यानं बोलत.

“लक्ष्मे, ऐक. आपल्या बोरचं पानी खराब निघालंय. मिस्त्रीच्या टाकीचं त्यात उतरतंय. त्येला बिचाऱ्याला ठावं न्हवतं. संडासाचं काम लांबंल. तू ये, पर हितलं पानी उकळल्याबिगर तोंडात घ्यायचं न्हाय.”

“म्हंजे माझं पोट त्यानं बिघडायचं व्हय?” राजलक्ष्मी म्हणाली. “आन् तू सासूबाईंना बोल लावायचीस! आता आधी त्यांना फोन कर.”

“करीन.”

“बरं. मग येताना पाण्याचा जार घेऊन येऊ का?”

“आन. दोन आन.”

मग ती पायांच्या सुजेबद्दल सांगू लागली, आणि डॉक्टरनं सोनोग्राफीला गुरुवार दिलाय की शुक्रवार, ते बघायला फाइल शोधू लागली. तीन वर्षं अडलेलं सांगून झालं होतं, आणि फोन सुरू होऊन अजून दोन मिनिटंही झाली नव्हती. शबीना परसात उभी राहून ऐकत होती.

“शुक्रवार,” राजलक्ष्मी म्हणाली. “सकाळी दहा.”