फुली मारलेलं कडवं

मी बोलतोय. जुन्या इंग्रजी कथाकाव्यांचा संग्रह. हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या एका सरांची प्रत. बावीस वर्षं त्यांच्या काखेत काढली आहेत, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा हक्क माझा आहे.

सर दुष्ट नव्हते, आळशी होते. पहिल्याच वर्षी त्यांनी माझ्या ओळींवर पेन्सिलीने अर्थ लिहिले आणि पुढे दरवर्षी तेच वाचून दाखवले. मुलं खाली मान घालून उतरवून घ्यायची. याला शिकवणं म्हणतात म्हणे.

एक्केचाळिसाव्या पानावर एक आई आहे. तिचा मुलगा समुद्रावर गेलाय. तो येईल म्हणून ती रोज दाराची कडी काढून ठेवते. शेवटच्या कडव्यात मात्र ती कडी लावते. सर सांगायचे, "लिहा, आईने आशा सोडली." त्याआधीच्या कडव्यावर त्यांची फुली होती. "ते सोडा, परीक्षेला येत नाही."

त्या कडव्यात उंबऱ्याशी ओले बूट आहेत.

एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी मला घरी घेऊन गेली. वर्ग तिला घुमी म्हणायचा. तिने फुलीखालचंही वाचलं आणि परीक्षेत लिहिलं, 'मुलगा घरात आलाय, म्हणून आई कडी लावते.' सरांनी शून्य दिलं. ती विचारायला गेली तर म्हणाले, "जास्त शहाणपणा नको. सांगितलं तेवढं लिहायचं." मी तिथेच टेबलावर होतो. उघडून बघायला किती वेळ लागला असता?

त्यानंतर तिने वर्गात तोंड उघडलं नाही. इंग्रजीत नापास झाली. वडील म्हणाले, "पुरे आता, दुकानात बस. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय." पोराचं काहीही काढून घेताना मोठ्यांना हे वाक्य कसं बरोबर आठवतं.

सहा वर्षांनी माझी पानं सुटायला लागली, तेव्हा सरांनी मला बाइंडरच्या दुकानात टाकलं. खळीचा वास, दाभण, दोरा. माझी जुनी शिवण उसवणारे हात ओळखीचे निघाले. घुमीचे. तिने ते पान काढलं आणि खोडरबराने फुली पुसली. इतकी हळू, की कागदाला लागलं नाही.

सर मला न्यायला आले. तिने तेच पान पुढे केलं.

"हे वाचा, सर. चारच ओळी आहेत, उभ्या उभ्या होतील."

सरांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"तू बरोबर होतीस गं."

"मला सांगून काय उपयोग? मुलांना सांगा."

आतून बाइंडर ओरडले, "सरांशी नीट बोल."

"नीटच बोलतेय, बाबा."

"वर्गात येशील?" सरांनी विचारलं. "तुझ्यासमोर सांगेन."

"दुकान असतं." मग मला सरांच्या हातात देत म्हणाली, "बघते."

दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, "हे मी इतकी वर्षं चुकीचं शिकवलं. एका मुलीने बरोबर लिहिलं होतं, तिला शून्य दिलं." कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी हसू दिलं. मग ते ओले बूट मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

ती अजून आलेली नाही. तिचे टाके मात्र पक्के आहेत, माझं एक पान हललेलं नाही. मास्तरलोकहो, मला शिकवणार असाल तर आधी सगळा वाचा, एवढंच मागणं आहे.

माझा तास असला की सर वर्गाचं दार लावत नाहीत. ते वाऱ्याने आपटतं, शेजारच्या वर्गातल्या बाई कुरकुरतात. सर उठतात, दाराला खुर्ची लावून ते उघडं ठेवतात आणि उभ्यानेच शिकवतात.