शेवटची मूठ

बिअरची परीक्षा करायला बसलेल्याने थुंकायचं नसतं. वाइनवाले थुंकतात, त्यांचं त्यांना लखलाभ. बिअरचा कडवटपणा घशात उतरल्यावर कळतो, म्हणून घोट गिळावाच लागतो, मग तो कसाही असो. विनिफ्रेड, म्हणजे विनी, हे काम वर्षानुवर्षं करत होती आणि हॅल्डन गावात तिच्या जिभेला अजून कुणी फसवलेलं नव्हतं.

यंदाही क्रिकेटच्या मैदानावर स्पर्धेचा तंबू लागला होता. ओली गोणपाटं पांघरलेली पिंपं मांडणीवर आडवी निजलेली, बनवणाऱ्यांची नावं मागच्या बाजूला लपवलेली. परीक्षकांपुढे फक्त नंबर, पाणी आणि कोरडी बिस्किटं. विनीच्या एका बाजूला डेस्मंड खाटीक बसला होता, दुसऱ्या बाजूला पोस्टातली थेल्मा. त्यांच्या टेबलाकडे फिकट, कडवट बिअर होत्या. विनीचा नवरा एडगर घरामागच्या शेडमध्ये बिअर बनवायचा. यंदा आपण काळी पाठवलीय, असं त्याने तिला सांगितलं होतं, आणि काळीचं टेबल वेगळं होतं. तेही बरंच, कारण घरची बिअर समोर आली तर परीक्षकाने उठून जायचं, असा इथला नियम.

चौथा ग्लास आला. रंग सुरेख, फेस बेताचा. विनीने नाक जवळ नेलं आणि तिचा हात तसाच थबकला. पिकलेल्या पेअरचा पुसटसा वास. हे यीस्ट तिच्या घरचं होतं. दर खेपेला थोडं राखून ठेवलेलं हे विरजण सासूने लग्नानंतर तिच्या हाती सोपवलं होतं. घराच्या पडद्यांना, एडगरच्या कोटाला हाच वास होता.

म्हणजे त्याने भलतंच पिंप पाठवलं होतं. एवढंच असतं तर ती हसून उठली असती. पण तिने घोट घेतला, गिळला आणि वाट पाहिली. गोडवा आला आणि तोंडात तसाच रेंगाळला. त्याच्यामागून जो हिरवा, गवताळ कडूपणा यायला हवा होता, तो आलाच नाही.

कढईखालची आच बंद झाली की एडगर बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉपच्या फुलांची शेवटची मूठ टाकायचा. आधी डावाने काठावर ठकठक करायचा, "चला, निजा आता," असं बिअरला म्हणायचा, आणि मग मूठ सोडायचा. त्याची आई गेली त्या दिवशीसुद्धा ती मूठ चुकली नव्हती.

वसंतात त्याने वारलेल्या भावासाठी टेबलावर ताट मांडलं होतं. विनीला स्वतःच्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. वय झालं, असं म्हणत ती ढकलत राहिली. डॉक्टरांचं नाव काढलं की तो चिडायचा, आणि खरं सांगायचं तर तो चिडला की तिला सुटल्यासारखं वाटायचं. आता डॉक्टरांकडे जायची गरजच उरली नव्हती. उत्तर तिच्या तोंडात होतं.

"ही बिअर आहे की पोरांचं खोकल्याचं औषध?" डेस्मंड खिदळला.

"बनवणारा झोपला असेल," थेल्मा म्हणाली.

विनी उठली असती तर बिअर कुणाची ते तिथेच कळलं असतं, आणि दिवस मावळायच्या आत एडगर संपला अशी गावभर बोंब झाली असती. ती उठली नाही. पण गुण तिने खरेच दिले, दहापैकी तीन. खोटं बोलणं तिच्या जिभेला कधी जमलंच नव्हतं.

दुपारी लोकांना आत सोडलं. एडगर आला. सकाळी तिनेच बांधून दिलेला टाय त्याच्या गळ्यात होता.

"या म्हातारबुवा!" डेस्मंडने त्याच्या हाती ग्लास दिला. "हा चौथ्या नंबरचा पराक्रम बघा."

एडगरने घोट घेऊन डोळे मिटले. सगळे त्याच्याकडे बघू लागले, कारण या बाबतीत अजूनही त्याचा शब्द चालायचा.

"पाणी झकास. जव नीट भाजलेत. विरजण..." तो थांबला. "विरजण चांगल्या घरचं आहे. पण शेवटची मूठ राहिली रे. विसरला बिचारा."

डेस्मंड हसला.

"हसतोस काय? हात चांगला आहे त्याचा," एडगर म्हणाला. "जवळ उभं राहून आठवण करून देणारं घरात कुणी नाही वाटतं त्याला."

त्याने तिच्या मुस्काटीत मारली असती तरी तिला एवढं लागलं नसतं. ही बिअर शिजली त्या दिवशी ती पलीकडेच स्वयंपाकघरात सफरचंदं चिरत होती. ठकठक ऐकू आली नव्हती. ते तिच्या लक्षात आलं होतं, आणि तिने विचारलं नव्हतं.

"बघू या तरी, कुणाची आहे," म्हणत डेस्मंड पिंपाकडे निघाला.

"माझी," विनी म्हणाली. "एडगरला न सांगता मी बनवली. मूठ मीच विसरले. आणि समोर आल्यावर उठलेही नाही."

थेल्मा लाल झाली. "अगं विनी, नियम..."

"ठाऊक आहेत मला. पुढच्या वर्षी बोलावू नका."

एडगरने तिचा हात हातात घेऊन थोपटला.

"वेडी आहेस. मला हाक नाही का मारायचीस? होतं असं एखाद्या वेळी, त्यात रडायचं काय? पुढच्या खेपेला मी उभा राहीन ना तुझ्याजवळ."

"राहशील?"

"म्हणजे काय!" त्याने खिशातला रुमाल काढून तिला दिला. मग, बनवणारं माणूस समोर असताना ग्लासात बिअर उरवायची नसते, म्हणून उरलेला ग्लास त्याने सावकाश संपवला.