रंग न आलेली दोन पात्रे

मी दर्शक आहे. बोलणे माझ्या स्वभावात नाही. आम्लारीचा स्पर्श झाला की गुलाबी व्हायचे आणि एरवी रंगहीन राहायचे, एवढीच माझी भाषा. तरीही आज बोलतो आहे. कारण माझ्या गप्प राहण्याचा फार भलता अर्थ लावला जातो.

सातवीला रसायन शिकवणाऱ्या बाईंनी मला शाळेच्या प्रयोगशाळेत तयार केले. चिमूटभर पांढरी भुकटी स्पिरिटमध्ये विरघळवली, तपकिरी बाटलीत भरली, ड्रॉपर लावला आणि वळणदार अक्षरांत चिठ्ठी डकवली : ‘दर्शक – फिनॉल्फ्थॅलिन’.

प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, ती चिठ्ठी वाचून म्हणाले, “दर्शक म्हणजे बघणारा ना, बाई?”

“दाखवणारा,” बाई म्हणाल्या.

बाईंचे उत्तर अर्धेच बरोबर होते. मी पाहतोही. तपकिरी काचेतून जिवंत मुलेसुद्धा जुन्या छायाचित्रातल्यासारखी दिसतात. रांगेने येतात, रांगेने जातात आणि पुढच्या वर्षी त्याच बाकांवर दुसरीच बसलेली असतात. आधीची कुठे गेली, हे मला कोणी सांगत नाही.

बाई विज्ञान शिकवत; पण व्याकरणाची गय करीत नसत. कोणी घाईत “बाई, आम्ल?” असे विचारले की म्हणत, “हे वाक्य आहे का? क्रियापद कुठं गेलं, डबा खायला?” वर्ग खो-खो हसे आणि विचारणारा निमूटपणे पूर्ण वाक्य जुळवू लागे.

वर्षातून एकदा त्या तीन चंचुपात्रांचा प्रयोग करीत. मामा पात्रे मांडून ठेवत : नळाच्या बाजूला विरल आम्ल, मध्ये आम्लारी आणि खिडकीच्या बाजूला पिण्याचे पाणी. तिन्ही सारखीच नितळ. बाई प्रत्येकात माझा एकेक थेंब सोडत. मधले पात्र क्षणात गुलाबी होई. मग बाई आपल्या उजव्या हाताचे पात्र उचलत, एक घोट घेत आणि म्हणत, “हे पाणी. डोळ्यांवर विसंबू नका, पुराव्यावर विसंबा.”

प्रयोगशाळेत काहीही तोंडाला लावू नये, ही सूचना त्यांनीच भिंतीवर लावली होती. वर्षाकाठी एक घोट, एवढीच त्यांनी स्वतःला दिलेली सूट.

“बाई, ही भुकटी पूर्वी जुलाबाला देत म्हणे,” मामा चिडवत. “एखाद दिवशी तास टाकून पळायची वेळ येईल हो!”

“एका थेंबानं काही होत नाही. आणि मी तास अर्धवट टाकत नाही.”

पण एक गोष्ट त्या प्रयोगात कोणीच उच्चारत नसे. पाण्यात मी जसा गप्प असतो, तसाच आम्लातही असतो.

एका सुट्टीत फळा समोरच्या भिंतीवर हलवला गेला. बाक फिरले, वर्ग फिरला आणि बाई टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभ्या राहू लागल्या. नळ आणि खिडकी मात्र होती तिथेच राहिली. मामांनी पात्रे नेहमीसारखीच मांडली.

माझे तीन थेंब पडले. मधले पात्र गुलाबी झाले. बाईंचा उजवा हात सवयीने उजवीकडे गेला. आता त्या बाजूला नळ होता.

मला ओरडता येत नाही. मी त्या पात्रात होतो, आम्लात विरघळलेला, आणि बाईंच्या श्वासाने काच धुरकट होताना आतून पाहत होतो.

“बाई, पण...”

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली होती. सारखे प्रश्न विचारते म्हणून वर्गाने तिचे नाव शंकासुर ठेवले होते.

“उठला आमचा शंकासुर!” मागून कोणीतरी म्हणाले.

“शंका शेवटी,” बाई पात्र न हलवता म्हणाल्या. “आणि ‘पण’वर वाक्य संपत नाही.”

“पण बाई, दोन...”

“पूर्ण वाक्य.”

नळ ठिबकत होता. काच बाईंच्या ओठांना लागली होती.

“रंग न आलेली पात्रे दोन आहेत,” मुलगी एकेक शब्द ठेवत म्हणाली, “तर त्यांतलं पाणी कोणतं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?”

वाक्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. बाईंना उत्तर देणे भाग होते.

“जागेवरू...” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांचे अपुरे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

त्यांनी पात्र खाली ठेवले आणि लिटमसची निळी पट्टी त्यात बुडवली. पट्टी लाल झाली.

“बाई, मी नेहमीसारखंच ठेवलं हो,” मामा पुढे येत म्हणाले.

“तुमचं बरोबरच आहे. बाजू मी बदलली.” मग मुलीकडे वळून म्हणाल्या, “बस. उत्तम प्रश्न.”

तास संपल्यावर त्यांनी मामांना बजावले, “यापुढं पात्रं मला न सांगता मांडायची. कोणती कुठं, ते मला कळता कामा नये.”

“आणि तुम्ही पिणार?”

“छे. नुसतं उचलणार.”

त्यानंतर दर वर्षी बाई रंग न आलेल्या दोहोंपैकी एक पात्र उचलत, ओठांपाशी नेत आणि थांबत. कोणी प्रश्न विचारला की ते खाली ठेवून हसत. पण दर वर्षी प्रश्न जरा उशिराच येई. काच आणि ओठ यांच्यातले अंतरही दर वर्षी थोडे कमी होई. मामा दारात उभे राहून ते पाहत. मीही पाहत असे.

बाईंच्या नोकरीचे शेवटचे वर्ष आले. तो वर्ग फार गुणी होता. हाताची घडी, तोंडावर बोट. बाईंनी पात्र उचलले. कोणते, ते मला ठाऊक होते. मामांनी मांडणी माझ्यासमोरच केली होती. ते आम्ल होते.

बाई थांबल्या. मुले कौतुकाने पाहत राहिली. तासाची घंटा झाली. एकही हात वर गेला नाही. बाईंनी डोळे मिटले आणि पात्र किंचित कलले.

“बाई, कशावरून?”

मामा दारातून ओरडले होते.

बाईंनी डोळे उघडले. पात्र सावकाश टेबलावर ठेवले. मामांच्या त्या दोन शब्दांत क्रियापद नव्हते. बाईंनी ते दुरुस्त केले नाही.

बाई गेल्या, मामाही गेले. आता मी तळाशी बोटभर उरलो आहे आणि माझ्या मानेभोवती पांढरी पुटे चढली आहेत. मुलांनो, माझी एकच विनंती आहे. मला रंग आला, तर खुशाल विश्वास ठेवा. नाही आला, तर विचारा. वाक्य अपुरे असले तरी चालेल.

आज नव्या सरांनी तीन पात्रे भरली. मधले गुलाबी झाले. “राहिलं ते पाणी,” असे म्हणून सर घाईने फळा पुसायला वळले. अडतीस मुलांनी माना खाली घातल्या आणि आपापल्या वहीत ‘पाणी’ असे लिहिले.

मी तसे म्हटलेले नव्हते.