बिनझाकणाचं भांडं

ताटलीच्या पाठीवर शिक्का आहे: मेड इन यू.एस.ए. त्याखाली लिहिलंय की ओव्हनमध्ये चालेल. त्याखाली कुणीतरी लाल नेलपॉलिशने काढलेलं ‘डी’ हे अक्षर.

*

पोल्टरआबेंडला, म्हणजे लग्नाआधी भांडी फोडायच्या जर्मन संध्याकाळी, काच चालत नाही. चिनी माती चालते, टाइल्स चालतात, कुंड्या आणि कमोडसुद्धा चालतात. काच आणि आरसा नाही.

*

डार्मश्टाटच्या दक्षिणेला त्या वर्षांत एक अख्खी वसाहत रिकामी पडलेली होती. घरं धडधाकट, गवत कापलेलं, खिडक्यांना पडदे नाहीत.

*

योनासने विचारलं, रुखवत म्हणजे नक्की काय? चारुदत्त म्हणाला, प्रदर्शन. नीलांबरी म्हणाली, अहो, काहीतरीच काय सांगता त्याला.

*

श्टुटगार्टहून निघालेल्या गाडीत एक माणूस मांडीवर वर्तमानपत्राचं गाठोडं घेऊन बसला आहे. शेजारची बाई विचारते, आत कासव आहे का. तो म्हणतो, झाकण आहे.

*

आता क्रमाने. जमेल तितकं.

नीलांबरी आणि चारुदत्त डार्मश्टाटला आले ते एकोणनव्वद साली. तो औषधांच्या कंपनीत केमिस्ट म्हणून लागला. तिला जर्मन येत नव्हतं, पोटात नैना होती आणि बाहेर फेब्रुवारी होता. वरच्या मजल्यावर एका अमेरिकन सार्जंटची बायको राहायची, डोलोरेस. तिने तिसऱ्या की चौथ्या दिवशी दार वाजवलं आणि एक ताटली पुढे केली. ताटलीत मक्याचा गोडसर पाव होता. ताटली शहाळ्यातल्या मलईच्या रंगाची, कडेने राखाडी डहाळी आणि डहाळीवर निळ्या कळ्या.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, एवढं नीलांबरीला देश बदलला तरी माहीत होतं. तिने ताटलीत शिरा घालून वर नेऊन दिला. आता डोलोरेसला वाटलं, या लोकांत ताटली परत आली की पुन्हा भरून द्यायची असते. तिने ॲपल पाय पाठवला. नीलांबरीने थालीपीठ. डोलोरेसने काहीतरी जेलीचं, हिरवं, हलणारं, जे चारुदत्तने एकट्याने संपवलं. दोघींपैकी कुणालाच थांबता येईना. ताटली जिन्यावरून वर-खाली होत राहिली आणि त्यातच नीलांबरी इंग्रजी बोलायला लागली, नैना झाली, नैनाला पहिला दात आला.

मग आखाती युद्ध. सार्जंटची तुकडी गेली, पाठोपाठ डोलोरेस मुलांना घेऊन टेक्ससला गेली. सगळं आठवड्याभरात.

त्या वेळी ताटली खाली होती.

*

पुढची अठरा वर्षं ती एकच ताटली होती. मग दोन हजार आठ साली अमेरिकन फौज डार्मश्टाट सोडून गेली, वसाहत रिकामी झाली आणि त्यांच्या स्वयंपाकघरांतलं सामान जर्मन तळघरांतून फिरत फिरत फ्लोमार्क्टवर यायला लागलं. शनिवारच्या त्या जुन्या बाजारात, पियानोचे स्टूल आणि मुलांचे बर्फाचे बूट यांच्यामध्ये, नीलांबरीला निळ्या कळ्या दिसल्या. एक कप होता. कान शाबूत.

कप घेतला. मग बशी लागली. मग तिच्या लक्षात आलं की या डहाळीचा अख्खा संसार आहे: मोठ्या ताटल्या, लहान ताटल्या, सॅलडचे वाडगे, मिठाची आणि मिरीची जोडी, लोण्याची लांबट डबी, सॉसचं नाकाडं भांडं. पुढची पाच-सहा वर्षं ती दर शनिवारी बाहेर. चारुदत्त हातगाडी ओढायचा आणि म्हणायचा, लोक अमेरिकेत जाऊन स्थायिक होतात, आमच्याकडे अमेरिका येऊन स्थायिक झाली. तिने वस्तू उलटी करून पाठ बघायची, नखाने कड तपासायची, टिचकी मारून कानाशी धरायची. तडा असेल तर आवाज बसका येतो. विकणाऱ्या जर्मन बायका तिला ओळखायला लागल्या. एक म्हणाली, इंडियन बाई अमेरिकन भांडी जर्मनीत गोळा करते, आल्झो, मला काही कळत नाही. नीलांबरी म्हणाली, मलाही.

पण कशासाठी, हे तिला पक्कं कळत होतं. सेट नैनाच्या रुखवतात मांडायचा होता.

*

कपाटाला काच होती. काचेआड सेट. जेवण स्टीलच्या ताटांत.

*

फक्त एक झाकण नव्हतं. सूपचं मोठ्या पोटाचं भांडं मिळालं होतं, दोन्ही बाजूंनी कान असलेलं, पण बिनझाकणाचं. झाकण कसं असतं ते तिने इंटरनेटवर पाहिलं होतं: घुमटासारखं, वर सुपारीएवढी मूठ आणि मुठीभोवती त्याच निळ्या कळ्या. तिने फोटो उतरवून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कुणाला कुठे दिसलं तर कळवा. खाली लोकांचे जोडलेले हात आले, एकाने विचारलं, प्रेशर कुकरचं आहे का.

नैना गार्चिंगला एका संशोधन संस्थेत होती. तिचा होणारा नवरा योनासही तिथलाच, पण घर ओडेनवाल्डमधलं, म्हणजे डार्मश्टाटपासून जवळच. लग्न ठरलं जून दोन हजार पंधराचं. शुक्रवारी संध्याकाळी मुलीच्या दारात पोल्टरआबेंड, शनिवारी फ्रँकफर्टचे गुरुजी आणि हॉल.

सेटचं मार्चमध्येच बोलणं झालं होतं. नैना जर्मनमध्ये म्हणाली होती की आई, आमची राहायची वोनुंग केवढी, किचन केवढं, मी कुठे ठेवू? नीलांबरी म्हणाली होती, कपाटही देते. नैना म्हणाली होती, कपाट तर मुळीच नको. आणि मग, थोडं थांबून, आपण त्यात कधी जेवलोसुद्धा नाही.

नीलांबरीने याचा आपल्या परीने अर्थ लावला. सेट अपुरा आहे म्हणून मुलगी नको म्हणतेय. अपुरी वस्तू मुलीला देतात का? झाकण मिळालं की घेईल. तिने ही समजूत इतकी घट्ट धरली की चारुदत्तने सोडवायचा प्रयत्नच केला नाही. एकदाच म्हणाला, नीलू, समज झाकण मिळालं आणि तरी ती नाही म्हणाली, तर?

नीलांबरी म्हणाली, तुम्ही जरा शुभ बोला.

*

नागेश. श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेनमध्ये गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, जर्मनीत येऊन चार वर्षं, एकटा. दिवाळीला नीलांबरीकडे येतो, फराळ डब्यात भरून नेतो आणि डबा परत आणताना त्यात काहीतरी घालून आणतो, म्हणून ती त्याला गुणी म्हणते.

त्याला आमंत्रणाचा मेसेज आला: शुक्रवारी पोल्टरआबेंड, सोबत पोर्सेलीन आणावे. पोल्टरआबेंड म्हणजे काय हे त्याने कुणाला विचारलं नाही. लग्नघरी रिकाम्या हाताने जायचं नसतं, आणि इथे तर त्यांनी काय आणायचं तेही सांगून ठेवलंय, जर्मन लोक याबाबतीत बरे, असं त्याला वाटलं. ते झाकण त्याला आठवडाभर आधीच एका फ्लोमार्क्टवर सापडलं होतं. फोटोशी ताडून पाहिलं होतं, एकदा नव्हे. मूठ, कळ्या, पाठचा शिक्का. त्याने कुणाला सांगितलं नाही. समोर ठेवून नीलांबरीवहिनींचा चेहरा बघायचा होता.

विकणाऱ्याने जे वर्तमानपत्र गुंडाळून दिलं होतं तेच ठेवलं. चकचकीत कागदातून निसटेल अशी भीती वाटली.

*

अंगणात टेबल होतं. टेबलावर पाटी, योनासच्या आईच्या अक्षरात: पोर्सेलीन इथे ठेवा.

नागेशने इथे ठेवलं. शेजारी एक जुनी फुलदाणी, कान तुटलेले मग, कुणाची तरी अख्खी बाथरूम फोडून आणलेल्या टाइल्स. त्याला जरा विचित्र वाटलं, पण दुसऱ्याच्या आहेराला नावं ठेवू नयेत. मग तो हात धुवायला आत गेला.

*

आवाज असा होता की कोपऱ्यावरचा कुत्रा भुंकायचा थांबला. योनासचे फुटबॉलवाले मित्र दोन कमोड घेऊन आले होते आणि त्यांनी ते फरशीवर सोडून दिले. जर्मन पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. खापरं उडाली की भाग्य येतं, आणि शेवटी नवरा-नवरीने मिळून झाडायचं. मराठी पाहुणे भिंतीकडेला सरकून उभे होते. शुभकार्यात भांडं फुटलं तर आपल्याकडे सगळे गप्प होतात, आणि इथे फुटत नाही तोवर गप्प होते. चारुदत्त त्यांना समजावत होता की फोडा, फोडा, आज सूट आहे.

योनासच्या आजीला, ओमा हिल्डेला, मध्ये खुर्चीवर बसवलं होतं. शहाऐंशी वर्षांची, हात थरथरणारे. मानाचं एक भांडं तिच्या हातून फुटायचं होतं. तिने कप नको म्हटलं, फुलदाणी जड होती. मग तिला वर्तमानपत्राचं गाठोडं दिसलं, धरायला बरं.

नीलांबरी बटाटेवड्यांची परात घेऊन दारातून बाहेर येत होती.

कागद एका बाजूने फाटला. सुपारीएवढी मूठ. निळ्या कळ्या.

ती खुर्चीपासून दोन हातांवर होती. हात पुढे केला असता तर झाकण हातात आलं असतं. परात खाली ठेवायचीही गरज नव्हती, नुसतं थांबा म्हटलं असतं तरी भागलं असतं. ओमा हिल्डेने झाकण दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं होतं आणि ती हसत होती, कवळी पुढे आलेली, आपल्याला अजून एवढं वर उचलता येतं याचं तिलाच नवल वाटत होतं. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. नैना सोडून. नैनानेही मूठ ओळखली होती, आणि ती आईकडे बघत होती.

ओमाला कुणाच्या तरी श्वासाचा आवाज आला असावा. तिने मान वळवून नीलांबरीला विचारलं, टाकू?

“हो, हो,” नीलांबरी म्हणाली. “जोरात टाका, ओमा.”

*

त्याचे तीन तुकडे झाले. बाकीचा भुगा.

*

नागेश हात पुसत बाहेर आला तेव्हा ओमा हिल्डेचा फोटो काढणं चाललं होतं. तिच्या पायाशी त्याला आपलं वर्तमानपत्र दिसलं. मग नीलांबरीजवळ जाऊन, कुणी मेल्यासारखा आवाज काढून म्हणाला, “वहिनी, ते झाकण होतं. तुमचं.”

“पाहिलं मी.”

“मला वाटलं, आहेर ठेवायचं टेबल आहे.”

“अरे, आमच्याकडे आहेर लगेच फोडून बघतात,” चारुदत्त म्हणाला. “तू टीव्ही आणला नाहीस ते बरं.”

नागेशला हसावं की रडावं कळेना. नीलांबरीने त्याच्या हातात वडा दिला, मग दुसरा दिला, आणि म्हणाली की तू शोधलंस ना, एवढ्या लोकांत तू एकट्याने शोधलंस, आता खा. मग ती आत गेली. कढईत तेल तापत होतं, हे खरंच होतं.

*

ती वडे सोडत होती आणि बाहेर झाडल्याचा आवाज येत होता. योनास सुपलीत भरत होता, मित्र पुन्हा ओतत होते, तशी रीतच आहे. मग एकाच झाडूचा आवाज उरला. नैना आत आली होती, अंगभर पांढरी धूळ. लहानपणापासून तिला मराठी कळायचं सगळं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. आई एका भाषेत, मुलगी दुसऱ्या भाषेत, आणि दोघींना त्याची इतकी सवय की लक्षातही येत नसे. म्हणून नीलांबरीचा झारा हवेत थांबला.

“आता तो सेट कधीच पुरा नाही होणार ना?” नैनाने मराठीत विचारलं.

“नाही. असं झाकण पुन्हा कुठे मिळतंय.”

“मग मला दे.”

नीलांबरीने गॅस बारीक केला. “अपुरा?”

“पुरा असता ना, तर मला तो सांभाळायला लागला असता,” नैना म्हणाली. शब्द शोधत, एकेक. “तू सांभाळतेस तसा. फुटला तर तुला काय सांगू, असं. आता फुटलाच आहे. आता आम्ही त्यात जेवू.”

“कपाट?”

“कपाट नको.”

“आणि रुखवत?”

“रुखवत मांड. नंतर जेवू.”

नीलांबरीला आत्ता, या क्षणी, रडू येणार नव्हतं, कारण वडे लाल होत होते. तिने ते काढले. ठेवायला परात बाहेर होती आणि कागदाच्या डिशेस संपल्या होत्या. तिने पदराने हात पुसले, बाहेरच्या खोलीत गेली आणि कपाटाची किल्ली फिरवली.

*

निळ्या कळ्यांच्या ताटल्यांतून वडे अंगणात गेले. फुटबॉलवाल्यांपैकी एकाने वडा संपवला, ताटली सराईतपणे डोक्यावर उचलली आणि नैना, योनास, चारुदत्त व नागेश चौघांनी चार दिशांनी एकच शब्द उच्चारला. जर्मनमध्ये. ताटली खाली आली.

ओमा हिल्डेने ताटली उलटी करून पाठ पाहिली, डोळे बारीक करून शिक्का वाचला आणि म्हणाली, अमेरिकन माल आहे, टिकेल. मग नीलांबरीला हाताने खूण करून शेजारी बसवलं आणि आपल्या ताटलीतला अर्धा वडा तिच्यासमोर धरला. नीलांबरीने तो त्याच ताटलीत, ओमाच्या मांडीवर ठेवूनच खाल्ला. चटणी कडेच्या डहाळीपर्यंत गेली होती. तिने ती बोटाने पुसून घेतली.

*

झाकण सापडलं त्या रविवारी नागेश फ्लोमार्क्टला गेला होता तो सायकलचा दिवा घ्यायला.