वीतभर उघडं दार

"एका हातानं उचलून दाखवा बरं, दोन्या ओफेलिया," दार मोटरपासून सुटं करणारी लाल दोरी ओढून दारं बसवणारा नाबोर म्हणाला.

'दोन्या', म्हणजे 'बाई', अशी मानाची हाक ऐकून ओफेलिया वाकली. गॅरेजच्या त्या तपकिरी लाकडी दाराची कडी तिने उजव्या हाताने धरली, मग डावाही हात लावला, मग देवाचं नाव घेतलं. दार जागचं हललं नाही.

"एक्काहत्तर वर्षांच्या बाईला कसली परीक्षा देतोस रे? अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांच्या राजम्याचे टोप उचललेत या हातांनी!"

"हातांना कोण नावं ठेवतंय? दोष दाराचा आहे. तुमचं गणित सांगा, तसं दार बघू."

गणित सोपं होतं. शुक्रवारी तिची मुलगी येसेनिया फिनिक्सहून येणार होती. "आई, वीज गेलेली असताना दार स्वतःच्या हातानं उचलून दाखव. जमलं तर राहा तिथं एकटी. नाही जमलं तर बॅग भर आणि माझ्याकडे चल," असं तिने फोनवर बजावलं होतं. फिनिक्सला मुलीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात ओफेलियाला एक खोली मिळणार होती, टीव्हीसकट. तिला ती नको होती. तिला टूसॉनचं हेच घर हवं होतं, चिल्तेपीन मिरचीच्या झुडपासकट आणि या उन्हासकट.

येसेनियाचं तरी काय चुकलं होतं म्हणा! जुलैत धुळीचं वादळ झालं आणि वीज गेली. सकाळी सहाला ओफेलिया बादलीत कपडे धुवायला गॅरेजमध्ये आली आणि घरात जाणारं आतलं दार तिच्या पाठीमागे आपोआप बंद होऊन कुलूप लागलं. घरातला गारवा निसटू नये म्हणून तिच्या दिवंगत नवऱ्याने, लिब्रादोने, ते तसं करून घेतलं होतं. किल्ली आत, फोन आत, मोटर बंद. तिने लाल दोरी ओढली, पण मोठं दार उचललं जाईना. उलट्या बादलीवर बसून तिने हाका मारल्या, मग हाका मारण्याचंही त्राण उरलं नाही. बाहेरचा पारा सकाळीच शंभर फॅरनहाइटकडे निघालेला, आत तर भट्टीच.

साडेसातला दाराखालून एक पहार आत आली. मागोमाग गाडीचा जॅक. रेल्वेत चाळीस वर्षं डबे उचलण्यात घालवलेले समोरच्या घरातले मिस्टर टेनी, वय ब्याऐंशी, दाराशी उताणे पडून जॅक फिरवत होते आणि शिव्या घालत होते. दार हातभर वर आल्यावर ओफेलिया सरपटत बाहेर आली.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने पाण्याचा दुसरा पेला संपवून विचारलं.

"रोज सहा वाजता तुमचं दार वीतभर वर जातं. आज नाही गेलं. सातपर्यंत वाट बघितली. मग म्हटलं, बाई मेली तरी असेल, नाहीतर आळशी तरी झाली असेल. आळशी तर तुम्ही नाही."

उन्हाळ्यात गॅरेजचं दार वीतभर वर ठेवायचं, कोंडलेली वाफ खालून निघून जाते, ही या गल्लीची जुनी रीत. ओफेलिया रोज सहाला आतूनच बटण दाबायची आणि मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरात निघून जायची. त्या फटीकडे कुणी रोज बघत असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. त्या दिवशी तिने टेनींना राजमा आणि गव्हाच्या गरम पोळ्या, तोर्तिया, पाठवल्या. चिल्तेपीन जरा सढळ हाताने पडली होती. म्हातारा घाम पुसत पुसत सगळं संपवून भांडं घासून परत द्यायला आला. माणूस तिरसट खरा, पण पहाटेपासून कुणाच्या तरी दाराकडे डोळे लावून बसणाऱ्याला तिरसट म्हणायला आता तिची जीभ रेटेना.

तर आता नाबोरने आपल्या ट्रकच्या बॉनेटवर दारांचे नमुने मांडले. मांडले आणि खुशाल सावलीत पाणी पीत बसला.

"दाखव ना! त्यांना काय वाळत घातलंयस?"

"तासभर ऊन खाऊ दे त्यांना. तुमचं दार पश्चिमेला तोंड करून. मी कागदावर दार विकत नाही, दोन्या, तळहातावर विकतो."

तासाने त्याने एकेका नमुन्यावर तिला हात ठेवायला लावला. काच आणि अॅल्युमिनियमचा नखरेल नमुना बघूनच ती म्हणाली, "हे राहू दे, मला घरात बेकरी काढायची नाही." येसेनियाने सुचवलेला, सध्या फॅशनमध्ये असलेला काळपट करडा पत्रा तिने शिवला मात्र, "आई गं!" करून बोटं तोंडात घातली. मग तिची नजर तपकिरी पत्र्यावर गेली. अगदी लिब्रादोचा रंग.

"हा देतोस?"

"आधी हात."

तिने हात ठेवला आणि झटकन काढला. नाबोरने वाळूच्या रंगाचा, दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेला तुकडा पुढे केला. वरून तो कोमट होता. तिने उलटा करून मागची बाजू गालाला लावली. गार होती.

"हाच घ्यायचा, कळतंय मला," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला. "सीमेपलीकडे सोनोरात माझ्या बापाच्या घराला मेस्कीटच्या लाकडाचं तपकिरी दार होतं. लग्न झाल्यावर एकदा, फक्त एकदाच, बोलले होते की त्याची आठवण येते. लिब्रादोनं दर दोन वर्षांनी हे दार त्या रंगानं रंगवलं. उन्हानं पोपडे सुटले की हा ब्रश घेऊन हजर."

नाबोरने खिशातून चाकू काढून दाराची एक कड तासली. लाकडावर रंगाचे थर एकावर एक बसलेले, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. त्याने चाकूच्या टोकाने मोजले.

"अकरा. आधीचे खरवडायचेच नाहीत, वरून नवा थोपायचा! दोन्या, स्प्रिंग कोऱ्या लाकडाच्या वजनाची आहे. दार दर दोन वर्षांनी जड होत गेलं, स्प्रिंग तेवढीच राहिली, त्यातून ती म्हातारी झाली. मोटर ओढत होती म्हणून तुम्हाला कळलं नाही."

ओफेलिया त्या कडेकडे बघत राहिली आणि मग हसू लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावावा तसा तिने अॅप्रन लावला. "अरे वेड्या माणसा! माझ्या एका वाक्यापायी बावीस वर्षं रंग दिलास, आणि त्याच रंगानं मला कोंडलंस होय! तुझं भलं होवो." तिला त्याचा राग येत नव्हता. इतकं कुणी आपलं ऐकलं होतं, याचंच तिला भरून येत होतं.

गुरुवारी नवं दार बसलं. नाबोरने नव्या वजनाच्या स्प्रिंगा घातल्या, तळाला जाड रबरी पट्टी लावली. जुनं दार ट्रकमध्ये चढवण्याआधी ओफेलियाने त्यातला वीतभर लांबीचा एक ठोकळा त्याच्याकडून कापून घेतला.

"आता एक ऐका," हत्यारं आवरत नाबोर म्हणाला. "ती फट ठेवायची सवय सोडा. हे दार ऊन आतच घेत नाही. फट ठेवलीत तर उलट झळ येणार आणि विंचू येणार. समोरच्या म्हाताऱ्यासारखं नका करू."

"कोण? मिस्टर टेनी?"

"तेच. सहा वर्षांमागे त्यांची बायको गेली ना, त्याच उन्हाळ्यात मीच त्यांना अस्सं दार बसवलं. गॅरेज रिकामं, गाडी बाहेर छपराखाली. फटीची काही म्हणजे काही गरज नाही. तरी रोज सकाळी दार वीतभर वर! मी रागावलो तर म्हणतात, तुला काय करायचंय. आणि बसवलं त्या दिवशी मला काय विचारलं ठाऊक आहे? किती वर ठेवलं तर समोरून दिसेल, म्हणाले."

नाबोर हसत होता. ओफेलिया हसली नाही. सहा वर्षं तो माणूस रोज सकाळी समोरच्या घराला सांगत होता, की मी आहे. आणि समोरच्या घरातली बाई बटण दाबून पाठ फिरवून तोर्तिया लाटत होती. ती शरमेने कानकोंडी झाली.

शुक्रवारी येसेनिया आली ती भुवया चढवूनच. ओफेलियाने लाल दोरी ओढली, एका हाताने कडी धरली आणि दार डोक्याच्या वर नेऊन ठेवलं. दुसऱ्या हातात कॉफीचा कप होता, तो हिंदकळलासुद्धा नाही.

"कप कशाला घेतलास गं?" येसेनियाने विचारलं.

"तुझी बॅग भरायला तो हात मोकळा नाही, हे कळावं म्हणून."

मुलगी हसली, आईच्या गळ्यात पडली आणि संध्याकाळी एकटीच परत गेली.

शनिवारी सकाळी सहाला ओफेलियाने बटण दाबलं नाही. दार हाताने पूर्ण वर केलं, बादली बाहेर आणली, दार परत खाली ओढलं आणि खाली तो तपकिरी ठोकळा उभा करून त्यावर टेकवलं. वीतभर फट. विंचू आले तर आले, चप्पल कशाला आहे! मग ती बादलीवर रस्त्याकडे तोंड करून बसली.

समोरचं दार बंद होतं.

सहा वाजून पाच मिनिटं झाली. दहा झाली. तिच्या छातीत धडधडू लागलं. हीच धडधड त्या माणसाने जुलैत तासभर सोसली होती, तीही एकट्याने. सव्वासहाला ती उठली, चपला सरकवल्या आणि रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली.

तेवढ्यात समोरचं दार करकरलं. थोडं वर आलं, थांबलं, पुन्हा थोडं आलं आणि वीतभर उंचीवर स्थिर झालं. फटीत जुने काळे बूट दिसले, एकाची नाडी सुटलेली. बूट जरा वेळ तिथेच उभे राहिले.

"मिस्टर टेनी," ओफेलियाने रस्त्यातूनच हाक मारली, "दिसलं बरं का!"

आतून एक हात खाली आला आणि सुटलेली नाडी बांधू लागला. ती गाठ नीट बसेपर्यंत ओफेलिया रस्त्यात उभी राहिली आणि मग दोघांपुरता राजमा शिजत टाकायला घरात गेली.